न विकलेल्या कॅसेटी कोणाच्या?

सप्टेंबर २०१७ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीनं ‘स्टार फॉक्स २’ हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा लोकांच्या हाती दिला. तो तयार होऊन तेव्हा वीसहून जास्त वर्षं उलटली होती. लंडनच्या आर्गोनॉट कंपनीतले प्रोग्रॅमर आणि निन्टेंडोची माणसं यांनी मिळून तो सुपर निन्टेंडोसाठी लिहिला होता. हे घरगुती मशीन जपानात १९९० साली आलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गेम पूर्ण झाला, चाचण्यांतून पार पडला आणि कंपनीनं तो गुंडाळला. तोवर सोनीचं प्लेस्टेशन आणि सेगाचं सॅटर्न बाजारात आलं होतं. त्यांच्या शेजारी जुन्या मशीनवरची त्रिमिती ओबडधोबड दिसली असती, आणि निन्टेंडोला आपली त्रिमिती पुढच्या मशीनवरच, म्हणजे निन्टेंडो ६४ वर, दाखवायची होती.

धंद्याच्या हिशेबानं हा निर्णय चूक म्हणवत नाही. त्या काळात गेम म्हणजे कॅसेट आणि कॅसेट म्हणजे आतली चिप. दर प्रतीमागे चिपचा खर्च यायचा. निन्टेंडोसाठी गेम काढणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्या लागत आणि पैसे आधी मोजावे लागत. गेम लिहून हातावेगळा झाला तरी खरी जोखीम पुढेच असायची. त्यामुळे पूर्ण झालेला गेमसुद्धा रद्द होई, आणि त्याचं कोणाला फारसं नवल वाटत नसे.

तेव्हा न विकण्याचा अधिकार कंपनीचा, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. वाद पुढचा आहे. न विकलेला गेम कपाटात सडू द्यायचा, हरवू द्यायचा, कंपनी बुडाली की भंगारात जाऊ द्यायचा, हाही अधिकार तिला त्याच कागदावर मिळतो का? माझ्या मते नाही. आणि हा प्रश्न जपान-अमेरिकेतल्या हौशी लोकांवर सोडून द्यावा इतका तो पुण्यापासून लांबचा नाही.

इथे काही वाचक हसतील. आमच्या पिढीनं पुण्यात ‘टीव्ही गेम’ खेळला तो बहुतेक नकली मशीनवर. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत तेच मोजके गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असायचे. चित्र आलं नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. मूळ कंपनीला आमच्या खिशातून छदामही गेला नाही. अशा माणसानं कॉपीराइटवर प्रवचन द्यावं म्हणजे जरा जास्तच झालं. पण त्या नकली कॅसेटींनी एक गोष्ट मात्र दाखवून दिली. बाजारात आलेला गेम सहसा मरत नाही. चोरून का होईना, त्याच्या इतक्या प्रती होतात की कुठल्या ना कुठल्या माळ्यावर एक उरतेच. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली तर चादरीवर मांडलेल्या चार्जर आणि रिमोटांच्या ढिगात अजूनही अशी एखादी कॅसेट दिसते. रद्द झालेल्या गेमची नक्कल कोण करणार? त्याच्या प्रती असतात दोन-चार: एक प्रोग्रॅमरच्या खणात, एक कंपनीच्या गोदामात, एखादी परीक्षण लिहिण्यासाठी मासिकाकडे गेलेली.

या प्रती टिकाऊही नसतात. दुकानातल्या कॅसेटमधली चिप कारखान्यातच मजकूर पक्का कोरून आलेली असते. प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे विक्रीआधीच्या नमुना प्रतीत, मात्र बहुधा इप्रॉम नावाची चिप असते, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश सोडला की आतलं सगळं पुसलं जातं आणि चिप नव्यानं भरता येते. पुसलं जाऊ नये म्हणून खिडकीवर स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर पेनानं गेमचं नाव आणि तारीख. स्टिकर निघाला, चिप वर्षानुवर्षं उजेडात राहिली, तर मजकूर जायला लागतो. अंधारात ठेवली तरी आतला विद्युतभार हळूहळू झिरपतोच. मजकुराचा एक बिट, म्हणजे त्याचा सगळ्यात छोटा कण, फिरला तर गेम कदाचित चालेल, शंभर फिरले तर नाही. म्हणून असा प्रोटोटाइप सापडला की पहिलं काम असतं त्यातला मजकूर वाचून संगणकावर उतरवून घेण्याचं. या मंडळींच्या भाषेत, डंप करण्याचं. संग्राहकानं तो काचेच्या पेटीत सजवून ठेवला तर शोभा राहील, गेम राहीलच असं नाही.

आता हे उतरवून घेण्याचं काम कोण करतं ते पाहा. कंपन्या क्वचितच. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ही ना-नफा संस्था २०१७ मध्ये सुरू झाली. निन्टेंडोच्या आधीच्या मशीनसाठी, एनईएससाठी, ‘सिमसिटी’ची एक आवृत्ती तयार होत होती. १९९१ मध्ये ती एका प्रदर्शनात दिसली आणि मग गायब झाली. तिचे प्रोटोटाइप २०१७ मध्ये सापडले आणि २०१८ च्या डिसेंबरात या संस्थेनं त्यातला मजकूर सगळ्यांसाठी खुला केला. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते गेम लिहिणाऱ्या ख्रिस ओबर्थ यांचं प्रकरण. त्यांनी ‘डेज ऑफ थंडर’ या चित्रपटावर एनईएससाठी एक गेम लिहिला होता. तो बाजारात आला नाही. त्याच नावाचा दुसऱ्यांनी केलेला वेगळा गेम आला. ओबर्थ २०१२ मध्ये वारले. त्यांच्यामागे राहिलेल्या सामानात जुन्या फ्लॉप्या निघाल्या. त्यांत तयार गेम नव्हता, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ मजकूर होता, तोही विखुरलेला. तो जुळवून, दुरुस्त करून २०२० मध्ये गेम पुन्हा उभा केला गेला. असा गेम लिहिला गेला होता हेच तोवर बाहेर जवळपास कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि तो असा का केला, अर्धवट भाग कसे पुरे करायचे होते, हे विचारायला लिहिणारा माणूस उरला नव्हता. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

‘पण हे रद्द झालेले गेम असतात तरी कसे? भिकारच असणार, म्हणून तर रद्द झाले,’ असा आक्षेप हमखास येतो. बरेचसे असतातही. सेगा सीडी या मशीनसाठी अमेरिकेतल्या पेन आणि टेलर या जादूगार जोडीचा एक गेम तयार झाला होता. १९९५ च्या सुमारास प्रकाशक कंपनीच बंद पडली आणि तो आलाच नाही. परीक्षणासाठी वाटलेल्या काही प्रती तेवढ्या उरल्या. त्यात ‘डेझर्ट बस’ नावाचा एक छोटा गेम होता. ट्यूसॉनहून लास व्हेगसला रिकामी बस चालवायची. वेग ताशी ४५ मैलांच्या वर जात नाही, त्यामुळे खरोखरचे आठ तास लागतात. वाटेत काही घडत नाही. बस किंचित उजवीकडे ओढते, म्हणून डुलकी काढायची सोय नाही. पोचलात की एक गुण. मग परतीचा प्रवास. रस्ता सोडला तर टोइंगवाला येतो आणि तितकाच वेळ घेऊन मागे नेऊन सोडतो. रातराणीनं पुणे–नागपूर केलेल्या माणसाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. हिंसक गेमवर तेव्हा जी ओरड चालली होती, तिची ही जादूगारांनी उडवलेली टर होती.

बाजाराच्या कसोटीवर हा गेम शून्य. तरी एक प्रत वाचली, जाणकारांच्या हाती लागली, पसरली, आणि २००७ पासून ‘डेझर्ट बस फॉर होप’ नावाचा उपक्रम सुरू झाला. लोक आळीपाळीनं ही बस चालवतात, जग ते थेट बघतं आणि मुलांच्या इस्पितळांसाठी पैसे देतं. आजवर त्यातून लाखो डॉलर उभे राहिले आहेत. १९९५ मध्ये बसून हे भाकीत कोणी केलं असतं? दर्जा पाहून जतन करायचं म्हटलं तर हा गेम पहिल्याच चाळणीत पडला असता.

ही चाळणी लावायची नाही, हे पुण्याला वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून इथे आहे. पी. के. नायर यांनी ते उभं केलं तेव्हा हाती येईल ते रीळ ठेवायचं असं धोरण धरलं, कारण काय मोलाचं ठरेल हे आज कळत नसतं. तोवर केवढं नुकसान होऊन गेलं होतं! मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून जास्त चित्रपट निघाले आणि आज त्यातले फारच थोडे, तेही बरेचदा तुकड्यांत, पाहायला मिळतात. फिल्मवरची चांदी काढून घ्यायला रिळं विकली गेली. विकणाऱ्यांना त्यात गैर वाटलं नाही. चित्रपट थिएटरातून उतरला होता, त्याचा धंदा संपला होता. हाच हिशेब आज गेमच्या कंपन्या करतात. फरक इतकाच की चित्रपट निदान एकदा तरी पडद्यावर गेलेला असे.

दुसरा आक्षेप मला जास्त अडवतो, कारण त्यात तथ्य आहे. कलावंताला आपलं अपुरं काम लपवायचा हक्क नाही का? कवीनं फाडलेली पानं आपण चिकटवून छापत बसायचं का? शिवाय रद्द गेम उजेडात येतात ते बरेचदा गळतीतून. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोकेमॉनचे गेम करणाऱ्या गेम फ्रीक या कंपनीचा माल असाच फुटला. त्यात कधीच बाहेर न आलेल्या कल्पना होत्या, आणि त्यांच्यासोबत आजी-माजी कर्मचारी व संबंधितांची नावं आणि ईमेल असलेल्या अडीच हजारांहून जास्त नोंदीही. जतनाच्या नावाखाली याचं कौतुक करणारे लोक मला पटत नाहीत. चोराच्या हाती कात्री नसते. तो सगळं एकदम ओततो.

पण गळती होते कशामुळे? सरळ दरवाजाच नसल्यामुळे. कंपनीकडे मागितलं तर उत्तर येत नाही, आलंच तर वकिलाकडून येतं. याउलट जतन करणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवता येतात, आणि त्याचा दाखला शोधायला निन्टेंडोच्या क्योटोला जायची गरज नाही. पुण्यातलं पेशवे दफ्तर घ्या. हजारो रुमालांत बांधलेले हे कागद इंग्रजांच्या हाती गेले तेव्हा त्यांना ते मुख्यतः इनामांचे दावे तपासायला हवे होते. अभ्यासकांना तिथे सहज पाय ठेवता येत नव्हता, आणि त्यावरून इथल्या संशोधकांनी पुष्कळ कडवट लिहिलंही. शेवटी १९३० ते १९३४ मध्ये गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. दार उशिरा उघडलं, फार उशिरा, पण उघडल्यावर आत काहीतरी होतं. रोजकीर्दी, जमाखर्च, पागेचा हिशेब, असे लिहिणाऱ्यालाही रद्दी वाटले असतील असे कागद होते म्हणून मजुरी आणि धान्याचे भाव आज सांगता येतात. ज्यांचे कागद सरकारी रुमालात नव्हते त्यांच्यासाठी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्यासारख्या माणसाला गावोगाव वाड्यांचे माळे धुंडाळावे लागले. ओबर्थ यांच्या फ्लॉप्या शोधणारी मंडळी तेच करताहेत. अशा वेड्या माणसांवर सगळा भार टाकून समाजानं हात झटकावेत, हे मात्र बरं नव्हे.

मग कायदा काय म्हणतो? आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, संगणक प्रोग्रॅम वाङ्मयकृतींत मोडतो. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये एक चांगली सवलत आली: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. मात्र अट अशी की त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून हवी. पुस्तकाला हे ठीक आहे. गेमची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून? जो जन्मालाच डिजिटल आला त्याला वाचवायची परवानगी कायदा देतो, पण तो डिजिटल नसेल तरच! हे मुद्दाम केलेलं नसावं. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटं होती, एवढंच. दुरुस्ती एका ओळीची आहे.

त्याच कायद्यातलं कलम ३१-अ मला आशादायक वाटतं. अप्रकाशित कृती असेल, किंवा प्रकाशित होऊनही भारतात लोकांपासून रोखून धरलेली असेल, आणि तिचा कर्ता हयात नसेल, अज्ञात असेल किंवा हक्काचा मालक सापडत नसेल, तर ती प्रकाशित करण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे मालक म्हणेल ती पूर्व दिशा, असं आपला कायदा मुळातच मानत नाही. बुडालेल्या कंपनीच्या गेमला यातून वाट काढता येईल का, हे वकिलांनी तपासावं. पण वाट मिळाली तरी त्या दिवशी प्रत शिल्लक असायला हवी ना. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक काढणारा प्रकाशक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं प्रत पाठवतो. गेमसाठी आपल्याकडे असं काही नाही. फ्रान्सनं १९९२ मध्येच सॉफ्टवेअरला हा नियम लावला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेम जमा होतात. मात्र असे नियम प्रकाशित झालेल्या गोष्टींना धरतात. रद्द झालेला गेम त्यांच्या जाळ्यातून हमखास सुटतो.

अमेरिकेचं उदाहरण तर सावध करणारं आहे. २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्याच २०२३ च्या अभ्यासात निघालं. ग्रंथालयांनी असे गेम संशोधकांना दुरून उपलब्ध करून द्यावेत, अशी मागणी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ती फेटाळली. लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील अशी भीती गेम उद्योगानं घातली होती. कादंबरी मजेसाठी वाचली जाईल म्हणून ग्रंथालय बंद ठेवण्यातलाच हा प्रकार.

आता बाणेर-खराडीकडे या. पुण्यात गेमच्या धंद्यात कितीतरी मुलं-मुली काम करतात. कोणी परदेशी कंपनीसाठी पात्रं घडवतं, कोणी चाचण्या करतं, कोणी स्वतःचा गेम उभा करू पाहतं. यातल्या कोणालाही चहाच्या टपरीवर विचारा, निदान एक रद्द प्रकल्प निघेल. दोन-तीन वर्षांचं काम, आणि नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला काही नाही, कारण गोपनीयता करारावर सही आहे. बाजारात आलेल्या गेमच्या शेवटी नामावली तरी येते. रद्द झालेल्याला तीही नाही. मी ‘स्टार फॉक्स’पासून सुरुवात केली खरी, पण माझा जीव अडकलाय तो इथे. निन्टेंडोकडे कपाट तरी होतं, त्यामुळे वीस वर्षांनी त्यातून काहीतरी काढता आलं. इथला छोटा स्टुडिओ बंद पडतो तेव्हा भाड्याची जागा महिन्यात रिकामी करायची असते आणि हार्ड डिस्क पुसून संगणक विकले जातात.

महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगच्या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं. अशा धोरणांवर बोलताना गुंतवणूक आणि नोकऱ्या यांचीच चर्चा होते. त्यात एक अट घालायला हवी. जो स्टुडिओ सरकारी अनुदान किंवा सवलत घेईल, त्यानं आपल्या प्रत्येक गेमची, रद्द झालेल्याचीसुद्धा, एक सीलबंद प्रत जमा करावी. ज्याला हे नको त्यानं अनुदान घेऊ नये. सक्ती कोणावरच नाही. जागा पुण्यात असावी असं मी म्हणतो, त्यात थोडा गावाचा अभिमान आहे हे कबूल. पण चित्रपट संग्रहालयाला जतनाचा अनुभव आहे आणि सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनं इथे डिजिटल जतनावर कामही केलेलं आहे. दोघांना एका टेबलावर बसवणं अशक्य नाही. सरकारी खात्यांना एका टेबलावर बसवणं कधीच सोपं नसतं, हेही खरं.

सील किती वर्षं? मी पंचवीस म्हणेन. कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतो, पण त्याची इथे काही मातब्बरी नाही. तोवर चिप, मशीन आणि माणसं तिन्ही गेलेली असतील. पंचवीस वर्षांत बाजारातली स्पर्धा मिटलेली असते, मशीन कालबाह्य झालेलं असतं, चित्रपटांवर गेम करायचे परवाने बहुधा संपलेले असतात. पण गेम करणारे बहुतेक हयात असतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या त्या माणसांना बसवून विचारता येतं की हा भाग अर्धा का राहिला, ही उडी अशी का ठेवली. ओबर्थ यांना कोणी विचारू शकलं नाही. सील उघडल्यावरही गेम संस्थेच्या अभ्यासिकेतच पाहता यावा, विक्रीचा हक्क कंपनीकडेच राहावा. उद्या तिला तो निन्टेंडोसारखा विकावासा वाटला तर खुशाल विकावा. निदान विकायला काहीतरी शिल्लक असेल.

कंपन्या म्हणतील, आजचा गेम म्हणजे जुनी कॅसेट नव्हे. बरोबर आहे. ‘स्टार फॉक्स २’ एका चिपमध्ये मावला होता. आजचा मोठा गेम कधी शंभर जीबीच्याही वरचा, कोणत्या तरी इंजिनच्या, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो त्या तयार सॉफ्टवेअरच्या, नेमक्या आवृत्तीवर चालणारा, कधी कधी सर्व्हरशिवाय उघडणारच नाही असा. म्हणूनच नंतर शोधून भागणार नाही, प्रकल्प बंद होतानाच जमा करायला हवं. गेमचा चालणारा बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी तयार प्रत, सोर्स कोड, इंजिनची आवृत्ती लिहिलेला कागद आणि काम केलेल्यांची नावं, एवढं पुरे. कर्मचाऱ्यांचे ईमेल, पगार, आपसातलं बोलणं यातलं काही नको. ते स्टुडिओनंच आधी काढून टाकावं. नावांची यादी मात्र, ज्यांना आपलं नाव चालेल त्यांची, पंचवीस वर्षं बंद ठेवण्याचं कारण मला दिसत नाही. ती पहिल्या दिवसापासून उघडी असावी, म्हणजे पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत रद्द गेमवर राबलेल्या मुलीला निदान एवढं दाखवता येईल की ती तीन वर्षं रिकामी बसली नव्हती.